पिनकाका आणि पंधरा मिनिटांचा फवारा

पिनकाकांना विनोद सांगता यायचे, संपवता यायचे नाहीत.

म्हणजे विनोद अर्धवट पाठ होते अशातला भाग नाही. शेवट जवळ आला की खोकला यायचा. आधी नाही, नंतर नाही, बरोबर शेवटच्या वाक्याच्या तोंडाशी. ऐकणारे पुढे झुकलेले, पिनकाकांचा हात वर गेलेला, एक डोळा बारीक झालेला, आणि तेवढ्यात छातीतून गडगडाट सुरू. तो आटपेपर्यंत ऐकणाऱ्यांतला एक जण पाणी आणायला, दुसरा खिडकी उघडायला आणि तिसरा सरळ आपल्या घरी गेलेला असायचा. जे उरत त्यांना शेवट सांगायचं काम काकू करायच्या. आणि त्या तो चुकीचा सांगायच्या.

खरं नाव त्यांना होतंच, पण ते रेशनिंगपुरतं आणि मतदानापुरतं. बाकी सगळ्यांचे ते पिनकाका. चाळीस वर्षं त्यांनी रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त केले. दुकान म्हणजे एका छापखान्याची भिंत आणि एका न्हाव्याची भिंत यांच्यामध्ये चुकून राहिलेली जागा. आत एक स्टूल, एक पत्र्याची पेटी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले वॉशर आणि बर्नर. गिऱ्हाईक आत आलं तर पिनकाकांना बाहेर यावं लागे, म्हणून गिऱ्हाईक बाहेरच उभं राही.

ज्यांनी स्टोव्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. टाकीत हवा भरली की रॉकेल एका भोकातून फवाऱ्यासारखं वर येतं आणि पेटतं. त्या भोकाला निपल म्हणायचं. भोक केसाएवढं. त्यात कचरा अडकला की ज्योत मलूल होते. मग पत्र्याच्या पट्टीला बसवलेली केसाएवढी तार भोकात घालायची. ती पिन. पिन घालण्यात काय कौशल्य, असं कोणी म्हणालं की पिनकाका स्टुलावरून उठायचे.

"एकदा घालायची, सरळ घालायची, काढून घ्यायची. ढवळायची नाही. तो निपल आहे, चहाचा कप नाही!"

त्यांचा सगळा राग घरातल्या घरात दुरुस्ती करणाऱ्यांवर होता. कोणी शिवणाची सुई घालायचं, कोणी टाचणी. भोक मोठं व्हायचं. मग रॉकेल बारीक फवाऱ्याऐवजी पिचकारीसारखं उडायचं, ज्योत निळ्याची पिवळी व्हायची आणि भांड्यांची बुडं काळी. असा स्टोव्ह दुकानात आला की पिनकाका तो उचलून उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, "कोणी केला हा पराक्रम?" भोकाकडे नुसतं बघून ते सुई कोणत्या नंबरची होती ते सांगत, असं न्हावी सांगायचा. न्हाव्याचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे खरं असावं.

पुढे घरोघरी गॅस आला, दुकान बंद झालं. चाळीस वर्षांचा धूर मात्र छातीत राहिला. लहानपणी एक मोठं आजारपण होऊन फुफ्फुसं आधीच कच्ची झालेली, त्यावर हा धूर. खोकला, घट्ट कफ, वर्षातून तीन-चारदा ताप आणि मूठभर गोळ्या. शेवटी त्यांना मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई कागदावर चित्र काढून समजावणाऱ्या. त्यांनी एक उलटं झाड काढलं.

"ही तुमची श्वासनलिका, या तिच्या फांद्या. जागोजाग फुगून त्यांचे खिसे झालेत. खिशांत कफ साठतो आणि कफात जंतू राहतात."

"किती दिवस झाले राहायला?"

"वर्षं झाली असतील."

"म्हणजे जुने भाडेकरू."

"अगदी!" बाई हसल्या. "गोळ्या दिल्या की कुलूप लावून चार दिवस बाहेरगावी जातात. गोळ्या संपल्या की परत हजर."

बाईंकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. औषध पोटातून न पाठवता त्याचा फवारा करून श्वासावाटे थेट त्या खिशांपर्यंत पोचवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ, पंधरा-पंधरा मिनिटं, सहा महिने. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. चव दोन्हींची खारटच. कोणाला काय मिळतंय ते कोणालाच सांगायचं नाही.

"तुम्हाला तर माहीत असणार."

"मलाही नाही."

"मग माहीत कोणाला?"

"लांब एका ऑफिसातल्या एका संगणकाला."

पिनकाकांना हे फार आवडलं. चाळीस वर्षांत 'काय बिघडलंय माहीत नाही' असं गिऱ्हाइकाला सांगायची त्यांची कधी छाती झाली नव्हती. इथे एवढ्या शिकलेल्या बाई सरळ सांगत होत्या. त्यांनी बावीस पानांचं संमतीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चार शंका विचारल्या आणि सही केली. घरी काकू म्हणाल्या, "आणि मीठच निघालं तर?"

"निघालं तर निघालं. मोजून तरी घातलेलं असेल."

काकूंनी हातातली आमटीची पळी तशीच धरून त्यांच्याकडे पाहिलं. तो विषय तिथे संपला.

चाचणीत त्यांच्या बरोबर आणखी पाच जण होते. एक आड एक मंगळवारी सगळे यायचे. एकाचे जंतू दुसऱ्याकडे बिऱ्हाड करायला जाऊ नयेत म्हणून खुर्च्या लांब लांब, खिडक्या उघड्या, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. त्यामुळे गप्पा ओरडून चालत, आणि ओरडलं की खोकला. त्यातल्या दोघांची ओळख करून द्यायला हवी. एक मास्तरीणबाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी समोरचा माणूस पाठीत वाकून बसलेला त्यांना खपत नसे. दुसरा पोस्टमन. त्याचा ठाम समज होता की आपल्याला मीठच मिळालंय. "आयुष्यभर दुसऱ्यांची चांगली पत्रं वाटली. माझ्या नावाचं कधी काही आलंय का?"

या सगळ्यांवर एका सिस्टरची देखरेख. प्रत्येकाला तिने एक वही दिली होती, म्हणून ती वहीवाली सिस्टर. वहीत रकाने. फवारा कधी सुरू केला, कधी संपला, मिनिटं किती, खोकला किती, कफाचा रंग कोणता. रंगासाठी रंगाच्या दुकानात मिळतं तसं एक कार्ड होतं, पांढऱ्यापासून गडद हिरव्यापर्यंत. "हा तिसरा रंग भिंतीला बरा दिसेल," असं पिनकाका पहिल्याच दिवशी म्हणाले आणि पोस्टमनने हातातलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं.

"ऐका," सिस्टर म्हणाली होती, "खाडाखोड करायची नाही. जे झालं तेच लिहायचं, व्हायला हवं होतं ते नाही. औषधाची वाटी रोज कोमट पाण्याने धुवायची आणि नुसती वाळवायची. काहीही अडलं तर मला फोन करायचा. काहीही म्हणजे काहीही."

मशीन साधं होतं. एका डब्यातून हवा यायची, नळीवाटे औषधाच्या प्लास्टिकच्या वाटीत जायची आणि वाटीच्या तळच्या बारीक भोकातून जोरात सुटून औषधाचं धुकं करायची. पहिल्या दिवशी पिनकाकांनी वाटी उलटी करून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "अगं, हा तर निपल!" घरच्या माणसाला परगावी भेटावं तसा त्यांना आनंद झाला.

दुसरा महिना लागला आणि फरक दिसायला लागला. कफ कार्डावरच्या तिसऱ्या रंगावरून दुसऱ्यावर आला. सकाळी चहा गार व्हायच्या आत पिऊन होऊ लागला. आणि एका मंगळवारी त्यांनी उघड्या खिडक्यांमधून ओरडून आपला सगळ्यांत लाडका विनोद सुरू केला. काकू शेजारीच पिशवी सांभाळत बसल्या होत्या.

"एक माणूस स्टोव्ह घेऊन आला. म्हणाला, पेटतो चांगला, पण आवाज करत नाही, आवाज वाढवून द्या. मी म्हटलं, लोक आवाज कमी करायला येतात. तर म्हणतो, स्टोव्ह फुरफुरत असला म्हणजे बायको काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही असं सांगता येतं. दिला वाढवून! दुसऱ्या दिवशी त्याची बायको तोच स्टोव्ह घेऊन दारात..."

हात वर गेला, डोळा बारीक झाला. काकूंनी सवयीने पाण्याची बाटली काढली आणि तोंड उघडलं. गेली कित्येक वर्षं विनोद इथवर आला की त्या सांगत आल्या होत्या, "आणि ती म्हणाली, आवाज कमी करून द्या."

पण खोकला आलाच नाही.

"...म्हणते, अजून थोडा वाढवा. अजून त्यांचं बोलणं ऐकू येतंय!"

पाच माणसं हसली. म्हणजे पाच बिघडलेल्या छात्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला, एकाचा दुसऱ्याला लागला, आणि सिस्टर आतून ऑक्सिजनची गाडी ढकलत धावत आली. "काय झालं? कोणाला झालं?"

"काही नाही," डोळे पुसत मास्तरीणबाई म्हणाल्या, "विनोद झाला."

काकू बाटलीचं झाकण लावत एवढंच म्हणाल्या, "हं. म्हणजे असा आहे होय तो." पिनकाका घरी गेले ते छाती काढून. सहा महिने पुरे होईपर्यंत सांगायला त्यांच्या डोक्यात आठ विनोद रांगेत उभे होते.

तिसऱ्या महिन्यात मशीन रेंगाळायला लागलं. पंधरा मिनिटांत संपायचा तो फवारा वीस, मग पंचवीस मिनिटं. त्यांच्या घरचं पाणी जड, कोमट करून धुतलं तरी वाटीच्या भोकाशी पांढरा थर धरला होता. सिस्टरचा नंबर वहीच्या पहिल्या पानावरच होता. पिनकाकांनी चष्मा लावून तो वाचलाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुनियेचे निपल साफ केले, त्याने आपल्या निपलासाठी दुसऱ्याला फोन करायचा? माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. शंभर पिनांचं पाकीट अजून तेलकट कागदात जसंच्या तसं होतं. एकदा घातली, सरळ घातली. थर निघेना, म्हणून थोडी फिरवली.

फवारा नऊ मिनिटांत संपला.

"बघ," ते काकूंना म्हणाले, "कंपनीच्या माणसालाही जमलं नसतं."

"सिस्टरला सांगा."

"सांगतो की."

वही उघडली. नऊ लिहिलं तर सिस्टर विचारणार. विचारलं तर सांगावं लागणार. सांगितलं तर वाटी जाणार आणि वर बोलणी बसणार. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, पंधरा.

एवढ्यावर थांबले असते तर हा माणूस पिनकाका नव्हता. पुढच्याच मंगळवारी मास्तरीणबाई कुरकुरल्या, "माझं मशीन अर्धा तास घेतं हो हल्ली." पोस्टमन म्हणाला, "माझं तर मनीऑर्डरसारखं, कधी येईल सांगता येत नाही." वाट्या सगळ्यांच्या पिशवीत असायच्याच, सिस्टरला दाखवायला आणलेल्या. तिने त्या आणखी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून बघायला सांगितलं होतं. तपासणी आटपल्यावर इस्पितळाच्या मागच्या बाकावर, उन्हात, पिनकाकांनी पुन्हा दुकान मांडलं. प्रत्येक वाटीला नवी पिन, वापरली की कागदात गुंडाळून कचऱ्यात. जंतूंच्या बाबतीत ते काटेकोर होते. पाचही वाट्या हातावेगळ्या केल्या. कित्येक वर्षांनी कोणी त्यांच्यासमोर रांगेत उभं होतं.

"नऊ मिनिटांत होईल," ते म्हणाले, "पण वहीत पंधराच लिहा. उगाच त्या पोरीला कामाला लावू नका."

"खोटं लिहायचं?" मास्तरीणबाईंची भुवई वर गेली.

"खोटं कसलं! पंधरा मिनिटांचं औषध आहे ना? मग पंधरा मिनिटांचंच औषध पोटात गेलं."

"छातीत," पोस्टमनने दुरुस्ती केली. त्या संध्याकाळी मास्तरीणबाईंनीही, आयुष्यात पहिल्यांदा, नक्कल केल्यासारखं पंधरा लिहिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी, नळीत जोरात फुंकून छातीची ताकद मोजायच्या तपासणीत, मास्तरीणबाईंचा आकडा घसरला. मग पोस्टमनचा. मग एकेक करत सगळ्यांचा. पिनकाकांचा तर चांगलाच. खरं तर आठवडाभर त्यांचा चहा पुन्हा गार व्हायला लागला होता, पण त्यांनी तो हवेवर ढकलला होता. सिस्टर प्रत्येकाला एक-एक प्रश्न विचारत गेली.

"चवीत काही फरक?"

"हो हो," पोस्टमन म्हणाला, "हल्ली घशाशीच खारट लागतं. आधी एवढं नव्हतं."

"मलाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सिस्टरने ते लिहून घेतलं आणि आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. डॉक्टरीणबाई फोनवर बोलत होत्या, आणि दारापाशी पिनकाकांची खुर्ची होती.

"सहाही जण... हो, वह्या अगदी नीट आहेत, सगळे पंधरा मिनिटं घेतायत. म्हणून तर कळत नाही... कोणाला मीठ, कोणाला औषध, मला तरी कुठे माहीत आहे? पण सहाही कसे घसरतील?... औषधच टिकत नाही म्हणता? ... बरं. शुक्रवारी चाचणीच्या समितीपुढे ठेवा. पण बंद करायचं ठरलं तर बाकीच्या गावांतल्या लोकांचंही बंद होईल ना..."

पिनकाकांनी मास्क वर ओढला, तो डोळ्यांपर्यंत गेला.

घरी आल्यावर ते बोलले नाहीत. हे इतकं नवीन होतं की काकूंनी त्यांचं अंग गरम आहे का ते पाहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझा आरसा दे जरा."

"आता कशाला? व्हायचं ते होऊन गेलंय."

आरसा टेबलावर उभा केला. मशीनबरोबर एक जादा वाटी कोरी करकरीत मिळालेली होती, पिन घालताना तिची आठवणही झाली नव्हती. तिच्यात साधं पाणी घालून त्यांनी फवारा आरशावर सोडला. आरसा हळूहळू धुरकटला, श्वास सोडल्यासारखा. पुसून घेतला. मग पिन घातलेली वाटी. आरशावर थेंब बसले, मोठे, गोल, आणि एकामागून एक ओघळायला लागले.

पिनकाका बराच वेळ त्या ओघळांकडे बघत राहिले. धुकं छातीच्या खोल खिशापर्यंत पोचतं. थेंब घशातच उतरून बसतो, म्हणून खारट. म्हणून नऊ मिनिटं. पिवळी ज्योत. काळी भांडी. चाळीस वर्षं ज्या माणसांवर ते ओरडले, त्या सगळ्यांच्या हातातली सुई आज त्यांच्या हातात होती. त्यांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोणी केला हा पराक्रम?"

काकू आरसा पुसत म्हणाल्या, "जाऊन सांगा."

"सांगितलं तर काढतील मला."

"काढतील."

"परत तोच खोकला. परत तूच शेवट सांगत बसणार."

काकूंनी आरसा खिळ्याला लावला, तिरका लागला तो सरळ केला. "सकाळी लवकर जा. दहानंतर बाई वॉर्डात जातात."

बुधवारी पिनकाका पहिल्यांदाच मंगळवार नसताना इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसत होत्या, सिस्टर वह्यांचा गठ्ठा उघडत होती. पिनकाकांनी खिशातून तेलकट कागदातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि एका दमात बोलायला लागले, कारण मध्ये थांबलो तर खोकला येईल आणि मग धीर होणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाई, औषधाचा काही दोष नाही, दोष माझा आहे, वाटीचं भोक बुजलं म्हणून मी त्यात स्टोव्हची पिन घातली आणि फिरवली आणि भोक मोठं झालं, मग या पाच जणांच्याही वाट्यांत मीच मागच्या बाकावर बसून घातली, दर वाटीला नवी पिन होती पण घातली, आणि नऊ मिनिटं होत होती ती पंधरा लिहा म्हणूनही मीच सांगितलं, मास्तरीणबाई नको म्हणत होत्या, तेव्हा समितीला सांगा की औषध चांगलं का वाईट ते मला माहीत नाही, पण वाट्या मात्र वाईट आहेत आणि त्या मी केल्यात."

सगळं वाक्य पुरं झालं. शेवटच्या शब्दापर्यंत. त्यानंतर जो खोकला आला तो सिस्टरने स्टूल देऊन, पाणी देऊन, पाठीवर हात ठेवून बसवला. डॉक्टरीणबाई पाकिटाकडे बघत होत्या.

"ही काय वस्तू आहे?"

पिनकाकांनी एक पिन काढून दाखवली. बाईंनी ती बोटांत धरून फिरवली.

"काका, पिन घातलीत ते मी समजू शकते. आयुष्यभराचा हात आहे. पण पंधरा का लिहिलंत?"

"नऊ लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं."

"त्यासाठीच तर वही आहे हो." बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पिनकाकांना वाटलं. "नऊ वाचलं असतं तर त्याच दिवशी वाटी बदलली असती. वह्या खऱ्या धरून आम्ही औषधावरच संशय घेत बसलो."

शुक्रवारी समिती बसली, शनिवारी सिस्टरचा फोन आला. चाचणी बंद होणार नव्हती. पाच जणांना नव्या वाट्या, त्यांच्या मधल्या आठवड्यांवर वेगळी खूण. पिनकाका मात्र बाहेर. पिन फिरवणाऱ्याची वाटी, खोटं लिहिणाऱ्याची वही आणि दुसऱ्यांनाही शिकवणारा माणूस, तिन्ही एकाच वेळी चाचणीच्या हिशेबात धरता येत नाहीत. नेहमीची औषधं आणि छाती मोकळी करायचे व्यायाम चालू राहतील, त्यासाठी मंगळवारीच यायचं.

"सिस्टर, मला मीठ होतं का औषध?"

"ते सगळ्यांचं संपल्यावर कळेल, काका. मला खरंच माहीत नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर शुक्रवारी त्या औषधाचं काही खरं नव्हतं. बाईंनी सांगायला सांगितलंय."

पुढच्या मंगळवारी मास्तरीणबाई त्यांना म्हणाल्या, "वर्गात असतात तर कान धरून उभं केलं असतं. आणि शेजारी मीही उभी राहिले असते." पोस्टमन म्हणाला, "मला तर पक्कं मीठच आहे. नाहीतर माझीच वाटी पहिली बिघडली असती का?" यात काही अर्थ नव्हता, पण तो प्रेमाने म्हणाला होता.

दोन महिन्यांत खोकला आपल्या जुन्या जागी येऊन बसला. चहा गार. कफ तिसऱ्या रंगावर. एका दुपारी काकू शेंगा सोलत होत्या. पिनकाका म्हणाले, "तो स्टोव्हचा विनोद आहे ना, त्याचा शेवट तू एकदा नीट पाठ कर. माझ्या तोंडून आता काही तो बाहेर पडत नाही."

"मला पाठच आहे. 'अजून थोडा वाढवा, अजून त्यांचं बोलणं ऐकू येतंय.' पहिल्यापासून पाठ आहे. न्हाव्याकडे सांगत होतात तेव्हापासून."

पिनकाकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग सगळी वर्षं चुकीचा सांगतेस?"

"बरोबर सांगितला असता तर लोक हसले असते आणि उठून गेले असते." काकू दाणे वाडग्यात टाकत राहिल्या. "चुकीचा सांगितला की तुम्ही चिडता. चिडलात की खोकला अर्धा टाकून 'तसं नाही, तसं नाही' म्हणत परत सुरू करता. तेवढंच तुमच्या तोंडून होतं."

पिनकाकांनी शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. म्हणाले, "शेंगा कोवळ्या आहेत."

"आहेत."

मंगळवारी चाचणीत चार नवी माणसं आली होती, मास्कच्या वर घाबरलेले डोळे घेऊन. सिस्टर त्यांना पुस्तिका वाटत होती. ती नव्याने छापलेली होती. पिनकाकांनी एक मागून घेतली आणि अकरावं पान उघडून शेजारच्या नव्या माणसापुढे धरलं. तिथे ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: 'औषधाच्या वाटीच्या भोकात पिन, सुई, तार किंवा कोणतीही टोकदार वस्तू घालू नये. वेळ कमी-जास्त लागल्यास खरी वेळ लिहून लगेच कळवावे.'

"हे वाक्य माझं," ते म्हणाले.

"तुम्ही लिहिता?"

"लिहिलं एकदाच. पण सगळ्या गावांत छापलं गेलं."

नवा माणूस हसला. हसलेला माणूस दिसला की पिनकाकांना राहवत नसे. "एक माणूस माझ्याकडे स्टोव्ह घेऊन आला," त्यांनी सुरुवात केली. मास्तरीणबाई ताठ बसल्या. पोस्टमनने बिस्किटाचा पुडा मिटला. आवाज वाढवून दिला, दुसरा दिवस उजाडला, बायको स्टोव्ह घेऊन दारात आली, हात वर गेला, डोळा बारीक झाला, आणि छातीतून गडगडाट सुरू झाला. पाणी आणायला कोणी उठलं नाही. खिडक्या उघड्याच होत्या. सगळे काकूंकडे बघायला लागले.

काकूंनी बाटलीचं झाकण काढलं आणि शांतपणे सांगितलं, "मग ती म्हणाली, आवाज कमी करून द्या."

"तसं नाही!" खोकला अर्धा टाकून पिनकाका खुर्चीतून उठले. "तसं नाही हो, ऐका..."